भिंतीवर सगळं आहे, ‘नको’ तेवढं नाही

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. कानाची बेरा तपासणी झाली, ऐकू नीट येतं. बोलणं मात्र ‘मम’ आणि ‘टाटा’, एवढंच. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो. मी एकेक वस्तू काढून दाखवते, चुकीची निघाली की दारावर डोकं आपटतो. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी चित्रं वापरायला सांगितली. ह्यांनी नेटवरून छान रंगीत चित्रं शोधून मोठा चार्ट छापून आणला, लॅमिनेट करून हॉलमध्ये लावला. उठणे, ब्रश, संडास, अंघोळ, नाश्ता, शाळा, अभ्यास, शांत बस, हात धर, ओरडू नको... चोवीस चित्रं आहेत. मी रोज त्याला समोर उभं करून बोट ठेवायला लावते. तो बघतसुद्धा नाही. मागच्या आठवड्यात अंघोळीचं चित्र ओरबाडून काढलं. सासूबाई म्हणतात, “फोटोच दाखवून राहिल्या तं पोट्टा बोलन काऊन? त्याले न बोलताच सारं भेटून राहिलं.” त्या रोज त्याच्या जिभेला वेखंड लावतात. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, केजीच्या मॅडम म्हणतात घरी इंग्रजीच बोला. आणि आता तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी नंदीचा पोळा, येतोय. मागच्या वर्षी ढोल सुरू झाले तसा तो रस्त्यावरच लोळला, सगळे बघत होते. यंदा न्यायचं की नाही? आणि चार्ट काढून टाकू का? — एक आई, नागपूर

उत्तर : नमस्कार ताई.

चार्ट उतरवून ठेवा. फेकू नका, त्यातली चार-पाच चित्रं पुढे कापून कामाला येतील. तुमच्या यजमानांनी एवढा उत्साह दाखवला याचं मला कौतुकच वाटतं. बऱ्याच घरांत ही सगळी धावपळ आईच्याच गळ्यात असते. पण पत्रात तुम्ही लिहिलेली यादी पुन्हा एकदा वाचून बघा. उठ, दात घास, बस, हात धर, ओरडू नको. सगळं तुम्हाला त्याला सांगायचं आहे. त्याला तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्यासाठी त्या भिंतीवर एकही चित्र नाही. पाणी नाही, भूक नाही, पंखा लाव नाही, दुखतंय नाही, आणि ‘नको’ तर मुळीच नाही. म्हणून त्याने अंघोळीचं चित्र ओरबाडलं. ‘मला आत्ता अंघोळ नको’ हे सांगायला त्याच्याकडे दुसरी सोय कुठे होती? मला विचाराल तर त्या चार्टचा खरा वापर पहिल्यांदा त्यानेच केला.

चित्रांची कामं दोन. मुलाचं म्हणणं आपल्यापर्यंत आणणं आणि आपलं म्हणणं मुलापर्यंत नेणं. दोन्ही लागतात. पण घराघरांत मी बघते, सुरुवात दुसऱ्यापासून होते आणि तिथेच थांबते, कारण मोठ्यांना घाई वळण लावायची असते. सुरुवात पहिल्यापासून करा. चित्र दिलं की काहीतरी मिळतं, हे एकदा त्याच्या हाताला कळलं की चित्राकडे बघायला तुम्हाला त्याची मान धरावी लागणार नाही.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग : तो हात धरून फ्रिजपर्यंत ओढतो. तुम्हाला ही अडचण वाटते, मला ती निम्मी लढाई जिंकल्यासारखी वाटते. हवं ते माणसाकडून मिळतं, त्यासाठी माणसाला जाऊन गाठावं लागतं, कुठे न्यायचं हेही त्याला ठाऊक आहे. अडलंय एवढंच की फ्रिजमध्ये वीस वस्तू आहेत आणि त्यातली कोणती, हे त्याला सांगता येत नाही. तेवढी फट चित्राने भरायची आहे.

दोन-तीन दिवस नुसतं बघा. तो कशाकडे हात नेतो, कशासाठी ओढतो, काय हिसकावलं तर रडतो, ते एका कागदावर लिहून फ्रिजलाच चिकटवा. ‘त्याला आवडायला हवं’ ते लिहू नका, आवडतं ते लिहा. मुरमुऱ्याचा चिवडा, दही, नळाखाली हात धरणं, कूलरसमोर उभं राहणं, आजीची पितळी डबी. विचित्र वाटलं तरी लिहा. यातल्या सगळ्यात वरच्या एका गोष्टीपासून सुरुवात होणार आहे.

फोटो स्वतः काढा, मोबाइलवर. नेटवरची चित्रं तुमच्या मुलाला परकी आहेत. मी न बघताच सांगते, तुमच्या चार्टमधल्या नाश्त्यात अंडं आणि टोस्ट असेल, दूध काचेच्या बाटलीत असेल आणि संडासाच्या चित्रात कमोड असेल. त्याच्या घरात नाश्ता म्हणजे पोहे, दूध स्टीलच्या पेल्यात येतं आणि संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्या चित्राचा त्याच्या आयुष्याशी काय संबंध? त्याचाच पेला, त्याचीच वाटी, तुमच्याच घरचा चिवडा. खाली पांढरा कागद किंवा साधी चादर घ्या, मागे ओटा, गॅस, भांडी काही दिसू देऊ नका, नाहीतर तो त्या फोटोतल्या लायटरकडेच बघत बसेल. काही मुलांना फोटोही लगेच कळत नाही. त्यांना आधी खरी वस्तू किंवा तिचा तुकडा लागतो : चिवड्याचं रिकामं पाकीट, दह्याचा चमचा. त्यात कमीपणा काही नाही. वस्तूवरून फोटोवर आणि फोटोवरून रेघांच्या चित्रावर बहुतेक मुलं हळूहळू येतात. काही फोटोवरच थांबतात, तेही चालतं.

कार्ड साधारण दोन इंचाचं पुरे. छापल्यावर खाली मराठीत मोठ्या अक्षरात शब्द लिहा. मुलासाठी आत्ता त्याचा उपयोग नाही, तो घरातल्या मोठ्यांसाठी आहे, म्हणजे एक जण ‘मम’, एक जण ‘पानी’ आणि एक जण ‘वॉटर’ असं म्हणणार नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई आपल्याकडे कूलरच्या दमट हवेत आणि घामाच्या हाताने पसरते, म्हणून फोटो स्टुडिओतून किंवा लेझर प्रिंट काढून घ्या. लॅमिनेशन करताना कार्डाभोवती थोडी प्लॅस्टिकची किनार सोडायला सांगा आणि कोपरे गोल कापा. तुमचं लेकरू ते तोंडात घालणारच, टोकदार कोपरा हिरडीला लागतो. वेल्क्रोची खरखरीत बाजू कार्डाला आणि मऊ बाजू वहीला, हा नियम घरभर एकच ठेवा. प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती काढा. एक हरवणार आहे.

आता प्रत्यक्ष. चित्र हातात देऊन वस्तू मागायच्या या पद्धतीला ‘पेक्स’ म्हणतात. १९८५ साली अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती बसवली आणि सुरुवात मुद्दाम मागण्यापासून केली, नावं ओळखण्यापासून नाही. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक तुम्ही, दुसऱ्या सासूबाई.

तुम्ही त्याच्या समोर जमिनीवर बसा. चिवड्याचा डबा तुमच्याकडे, झाकण उघडं, त्याला दिसेल असा. तुमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक कार्ड : चिवड्याचं. सासूबाई त्याच्या मागे, अगदी त्याच्या पाठीला टेकतील इतक्या जवळ. तो चिवड्यासाठी हात पुढे करेल. त्या क्षणी सासूबाईंनी मागून त्याचा हात धरून कार्डावर न्यायचा, कार्ड उचलायला लावायचं आणि तुमच्या उघड्या तळहातावर ठेवायला लावायचं. कार्ड हातात पडलं की लगेच तुम्ही ‘चिवडा!’ म्हणायचं आणि चिमूटभर चिवडा द्यायचा. लगेच म्हणजे लगेच, एक श्वासही मध्ये नको. चिमूटभर का, तर वाटीभर दिलात तर खेळ तिथेच संपेल. तो पुन्हा हात करेल, पुन्हा तेच. त्याचं पोट भरेपर्यंत किंवा लक्ष उडेपर्यंत, जे आधी होईल ते.

यात सगळ्यात अवघड काय असतं सांगू? गप्प बसणं. ‘काय हवंय? बोल ना, चि-व-डा, उचल बाळा, दे बरं आईला’, आपल्या घरांत दर चार सेकंदांनी कोणीतरी असं बोलत असतं. सासूबाईंनी मागून एक शब्दही काढायचा नाही आणि तुम्हीही कार्ड हातात येईपर्यंत काही विचारायचं नाही. विचारलंत तर तो विचारण्याची वाट बघायला शिकेल, आणि आपल्याला त्याने स्वतःहून यायला हवंय. मागून धरलेला हातही दर वेळी थोडा सैल करत जायचा. मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, आणि एक दिवस सासूबाई नुसत्याच मागे बसलेल्या असतील.

ते जमलं की तुम्ही जरा लांब सरका. मग उठून स्वयंपाकघरात जा. कार्ड घेऊन त्याने तुमच्यापर्यंत यायला हवं, तुमची पाठ त्याच्याकडे असली तरी. इथे घाई करू नका, पण दुसरं कार्ड आणायच्या आधी हे जमायला हवं. दोन कार्डांतून नेमकं उचलणं त्यानंतरची गोष्ट. आणि कार्डांची वही त्याच्या हाताला लागेल अशीच टांगा, फ्रिजच्या दारावर, त्याच्या छातीच्या उंचीला. खराब होईल म्हणून कपाटात ठेवलेली वही मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता त्याबद्दल रागावणंही सोडून दिलं. तुमचं तोंड कुलपात ठेवून किल्ली शेजारणीकडे दिली तर कसं वाटेल, तसंच आहे ते.

सुरुवातीच्या दिवसांत तो मागेल तेव्हा द्या, जेवणाच्या तोंडावर मागितला तरी चिमूटभर द्या. मागणं चालतं हा विश्वास बसू दे. नंतर डबा खरंच रिकामा दाखवून ‘संपलं’चं कार्ड आणता येतं. पण ‘आधी बोल, मग देईन’ हे कधीही करू नका. त्याने कार्ड दिलं म्हणजे तो बोललाच.

‘नको’चं कार्ड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यायला हवं, त्याहून उशीर नको. लाल फुलीचं करा किंवा नकाराची खूण करणाऱ्या त्याच्याच आजीच्या हाताचा फोटो घ्या. त्याला न आवडणारी वस्तू, समजा कारल्याची भाजी, चमच्यात घेऊन पुढे करा. तो मान फिरवेल, हात वर जाईल. तो चमचा उडवायच्या आत मागच्या माणसाने त्याचा हात ‘नको’वर न्यायचा. तुम्ही ‘नको, बरं’ म्हणून चमचा मागे घ्यायचा. पुढे काही बोलायचं नाही, ‘एकच घास’ तर अजिबात नाही. डोकं आपटण्याने जे व्हायचं तेच आता कार्डाने होतंय आणि कार्डाने दुखत नाही, हे त्याला कळायला हवं. लोक मला विचारतात, मग तो सगळ्यालाच नको म्हणेल. काही दिवस म्हणेल. आपणही नवीन गाडी आली की कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात गाडी काढून जातोच. औषध, रस्ता ओलांडताना हात धरणं, अशा गोष्टींत नकाराला जागाच नसते. तिथे ‘हवं का?’ असं विचारू नका, कार्डही पुढे करू नका. जे होणार आहे ते सांगा आणि करा.

सासूबाईंच्या शंकेकडे वळते, कारण ती शंका फक्त त्यांची नाही. मेडिकल चौकातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या बाहेर बसलेल्या दहा आयांना विचारा, आठ जणी हेच म्हणतील. चित्रांची सवय लागली तर बोलणं मागे पडेल. २००६ साली याच प्रश्नावरचा एक संशोधन-आढावा प्रसिद्ध झाला. नीट काटेकोर पद्धतीने तपासलेल्या २७ जणांची माहिती त्यात एकत्र पाहिली होती. चित्रं, हातांच्या खुणा किंवा बोलणारं यंत्र वापरू लागल्यावर त्यांच्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तीन महिन्यांनी मला दुसरं पत्र लिहाल. चित्र दिलं की दर वेळी तोच शब्द, त्याच क्षणी, हवी ती वस्तू हातात पडताना ऐकू येतो. शब्द कानावर पडायला याहून चांगली वेळ नाही. शिवाय बोलायलाच हवं हा ताण जातो.

तुमचा मुलगा बोलेल का, हे मी सांगू शकत नाही, दुसऱ्या कोणीही सांगू नये. ‘सहा महिन्यांत बोलता करतो’ असं छातीठोक म्हणणारं केंद्र भेटलं तर चप्पल घालून बाहेर पडा.

सासूबाईंचं निम्मं म्हणणं मात्र खरं आहे. त्याला न बोलता सगळं मिळतं, पण ते चित्रांमुळे नाही. तो डोळे चोळायच्या आत पांघरूण येतं, ओठ चाटायच्या आत पाणी येतं. आजीचं प्रेम त्याच्या आधी धावतं. म्हणूनच त्यांना मागे बसायचं काम देतेय. त्यांचे हात रिकामे राहणार नाहीत आणि नातू पहिल्यांदा स्वतःहून मागेल तेव्हा त्या तिथेच असतील. वेखंडाचं म्हणाल तर तो खातो, चोखतो, ‘मम’ म्हणतो. तुमच्या पत्रावरून तरी अडचण जिभेत दिसत नाही. रोज लावणं थांबवा. ‘ताईंनी नाही सांगितलं’ म्हणा, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

मागणं आणि नाकारणं सुरू झालं की मग भिंतीकडे या. आता आपण त्याला सांगायचं आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र तिथेच थांबतं, पुन्हा बघता येतं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना याचाच आधार होतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून चालणाऱ्या ‘टीच’ या कार्यक्रमाने चित्रांची वेळापत्रकं जगभर नेली, ती याच कारणाने. पण तुम्ही चोवीस चित्रं लावू नका. दोन लावा. एक पट्टी, तिचे दोन भाग : आधी, मग. ‘आधी अंघोळ, मग नळाखाली हात’. अंघोळीला उचलून नेण्याच्या पाच मिनिटं आधी पट्टी दाखवा, बोट ठेवा, तेवढंच बोला. अंघोळ झाली की ते कार्ड काढून त्याच्याच हाताने एका डब्यात टाकायला लावा. आमच्याकडे त्याला ‘झालं-डबा’ म्हणतात, श्रीखंडाचा रिकामा डबा चालतो. आणि ‘मग’ मध्ये जे दाखवलं ते द्यायचंच, अंघोळीत रडला तरी द्यायचं. ती लाच नाही आणि बक्षीसही नाही, पुढे काय होणार याची ती बातमी आहे. बातमी खोटी निघाली की तो पुन्हा भिंतीकडे बघणार नाही. दोनाचं जमलं की तीन, मग सकाळची चार-पाच, वरून खाली.

एक कार्ड लोक विसरतात : ‘बदल’. पाऊस पडला, व्हॅन आली नाही, लाइट गेली. पट्टीवर शाळेच्या जागी ते लावायचं आणि पुढे काय, तेही लावायचं. पहिल्यांदा ते चांगल्या बदलासाठी वापरा. अभ्यासाच्या जागी बदल, बदल म्हणजे बगिचा. नाहीतर ते कार्ड दिसताच तो रडेल.

एक सवय तुम्ही सगळ्यांनी लावून घ्या. त्याच्याशी बोलताना तुम्हीसुद्धा चित्रावर बोट ठेवत जा. ‘आजी चहा’, चहावर बोट. ‘बाबा टाटा’, टाटावर बोट. त्याने तसं करावं अशी अपेक्षा न ठेवता. आपण मुलांना बोलायला शिकवतो ते त्यांच्यासमोर वर्षभर बोलून, आणि चित्रांच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशीच परीक्षा घेतो. ‘सांग, हत्ती कुठे? बोट ठेव.’ तो बघत नाही, कारण तिथे त्याच्यासाठी काही नाही. थेरपिस्ट लोकांत यावरूनही दोन तट आहेत, कार्ड हातात देण्याची पद्धत बरी की बोट ठेवायचा फलक बरा. त्या भांडणात तुम्ही पडू नका. तुमच्या मॅडम जे शिकवतायत ते घरी चालू ठेवा आणि त्यांना विचारून दुसरं जोडा.

मोबाइलचं अॅपही आहे. मुंबईच्या आयआयटीच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ फुकट मिळतं, चेन्नईत जन्मलेलं ‘आवाज’ही आपल्याकडे बरंच वापरलं जातं. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. माझं मत विचाराल तर आत्ता कागद, अॅप पुढे. आणि ज्या मोबाइलवर तो गाणी बघतो त्याच मोबाइलवर अॅप टाकलंत तर तो गाण्यासाठीच भांडेल. घरात जुना फोन पडला असेल तर तो यासाठी वेगळा ठेवा.

केजीच्या मॅडमना नम्रपणे सांगा की घरात मराठीच बोललं जाईल. ऑटिझम असलेल्या मुलाला दोन भाषांनी गोंधळायला होतं याला आधार नाही. उलट घरातल्या आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर त्याच्याकडे उरेल काय? शाळेची कार्डं शाळेच्या शब्दांची असू द्या. मॅडमकडे वर्गभर पोरं असतात, त्यांना वही सांभाळायला लावू नका. एका रिंगमध्ये तीन छोटी कार्डं अडकवून द्या : पाणी, शू, मदत. ती त्याच्या आयकार्डाच्या दोरीला राहतील आणि मॅडमना फक्त एवढंच करायचं आहे की त्याने कार्ड धरलं तर ते ऐकायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या, पुढे शाळेत सवलती मागताना तेच लागतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चाची सोय आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. खासगी फी झेपत नसेल तर नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे, तिथे चौकशी करा. स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला संकोच नको.

राहिला तान्हा पोळा. यंदा न्या, पण मागच्या वर्षीसारखं नाही. त्याच दिवशी इतवारी-महालाकडे मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची गर्दी असते, तिकडे जाऊच नका. तुमच्या गल्लीतला किंवा सोसायटीतला छोटा पोळा पुरे. आठवडाभर आधी लाकडी नंदी घरी आणा, त्याला चाकं फिरवू द्या, त्याचा फोटो काढा. मग पाच फोटोंची पट्टी करा : नवे कपडे, नंदी, ढोल, बोजारा (नंदी घेऊन आलेल्या मुलांना मिळणारे पैसे), घर. ढोलाचा फोटो दाखवताना मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावा, रोज किंचित वाढवत न्या, कान झाकले की बंद करा. फोटो तुमच्याच गल्लीतले घ्या, मागच्या वर्षीचे शेजाऱ्यांकडे सापडतील. बोजाऱ्याचे पैसे अनोळखी काकू हातात कोंबतील, गाल ओढतील. त्यांना आधीच सांगून ठेवा, गालाला हात नको.

ढोल सुरू व्हायच्या आधी पोचा, रांगेत सगळ्यात कडेला उभे राहा, ‘घर’चं कार्ड त्याच्या कुडत्याच्या खिशात ठेवा आणि तिथे ते आहे हे त्याला घरीच दोनदा दाखवा. लोक बघतील. बघू द्या, त्यांच्याकडे कार्ड नाही. दहाव्या मिनिटाला त्याने ‘घर’ काढून तुमच्या हातात ठेवलं तर नंदी उचला आणि दहाव्याच मिनिटाला घरी या, बक्षीस वाटप राहिलं असलं तरी. पुढच्या वर्षी तो तेच कार्ड विसाव्या मिनिटाला काढेल, कारण यंदा ते चाललं होतं.